उतारशाळेचा रखवालदार

धर्मशिक्षणाच्या वर्गात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो. लुटला गेलेला वाटसरू, पाहून न पाहिल्यासारखे करून निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि शेवटी परक्या जातीचा तो शोमरोनी, ही सर्व पात्रे मुलांना तोंडपाठ असतात. एका वर्षी मात्र सहावीतील एका मुलीने असा प्रश्न विचारला की आम्ही निरुत्तर झालो. शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत आणले, रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवली, अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या वाटेने गेला. "पण तो परत आलाच नाही तर उतारशाळेवाल्याने त्या माणसाचे काय करायचे?" असे ती विचारीत होती. "तो परत येतोच," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तास संपला, पण प्रश्न संपला नाही.

दाखल्यात रखवालदाराच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याने होकार दिला की कपाळाला आठ्या घातल्या, हे आपल्याला कळत नाही. त्याच्याकडे खाटा किती होत्या, घरात खाणारी तोंडे किती होती, शेजारीपाजारी काय म्हणाले, यांविषयीही मौनच आहे. करुणेचा सारा मान शोमरोन्याकडे जातो, आणि जखमी माणसाची रात्र मात्र रखवालदाराच्या छपराखाली जाते. हा रखवालदार एखादी व्यक्ती नसून एखादे सरकार असेल तर काय होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने व्हिएतनामी निर्वासितांचा इतिहास वाचावा. १९७५ पासून १९९६ पर्यंत, वीस वर्षांहून अधिक काळ, जगातील अनेक सरकारे या एकाच प्रश्नाशी झगडत होती.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. त्या सुमारास सव्वा लाखाच्या वर माणसे अमेरिकेच्या आश्रयाने देशाबाहेर पडली. पण खरा लोंढा पुढे आला. जुन्या राजवटीतील अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत कोंडले गेले, शहरी कुटुंबांना रानावनातील 'नव्या आर्थिक क्षेत्रां'त धाडण्यात आले, मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापार एका फटक्यात बंद करण्यात आला आणि व्यापारी असलेल्या चिनी वंशाच्या लोकांवर संकट कोसळले. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. निघून जाणाऱ्यांकडून सोने घेऊन अधिकारीच त्यांना होड्यांत बसवू लागले. त्या होड्या नदीत आणि किनाऱ्याजवळ मासेमारी करण्यासाठी बांधलेल्या होत्या, भर समुद्रासाठी नव्हत्या. वसईपासून अलिबागपर्यंतच्या आमच्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगावयास नको. थायलंडच्या आखातात चाचे टपून बसलेले असत. १९८१ साली थायलंडच्या किनाऱ्यास लागलेल्या ४५२ होड्यांपैकी ३४९ होड्या वाटेत लुटल्या गेल्या होत्या, आणि त्याही सरासरी तीन तीन वेळा. दाखल्यातील वाटसरूला एकदाच लुटले गेले होते.

ही माणसे ज्या दारांवर येऊन थडकली ती दारे श्रीमंतांची नव्हती, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया या देशांनी १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नव्हती. आपल्या भारतानेही ती केलेली नाही. मलेशियात मलाय आणि चिनी समाजांत १९६९ साली रक्तरंजित दंगल झाली होती, आणि आता होड्यांतून येणाऱ्यांत चिनी वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. तेरेंगानूच्या किनाऱ्यावरील गरीब मलाय कोळी तक्रार करू लागले की, परक्यांच्या छावण्यांमुळे बाजारातले भाव चढले. ही तक्रार खोटी नव्हती. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय हाँग' नावाचे जुने मालवाहू जहाज सुमारे २,५०० माणसे घेऊन पोर्ट क्लांगसमोर आले तेव्हा मलेशियाच्या सरकारने त्यांना उतरू दिले नाही. सोने मोजून आलेले हे प्रवासी आहेत, निर्वासित नव्हेत, असा सरकारचा दावा होता. कॅनडा, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आदी देशांनी त्यांना नेण्याचे कबूल करीपर्यंत ती माणसे जहाजावरच कुजत राहिली.

त्याच किनाऱ्यासमोर पुलाऊ बिदाँग हे बेट आहे. जेमतेम एक चौरस किलोमीटरचे. ऑगस्ट १९७८ मध्ये तेथे छावणी उघडली तेव्हा ४,५०० माणसांची सोय होईल असा अंदाज होता. जून १९७९ पर्यंत तेथे सुमारे ४०,००० माणसे दाटली. फुटक्या होड्यांच्या फळ्या, गोणपाट आणि प्लास्टिक यांची दुमजली तिमजली खोपटी उभी राहिली, आणि टेकडीवर त्याच फळ्यांचे एक चर्च आणि एक बौद्ध मंदिर शेजारी शेजारी बांधले गेले. त्या महिन्यात एकूण आग्नेय आशियात ५४,००० माणसे नव्याने किनाऱ्याला लागली. एक जण पुढच्या देशी रवाना होई तोवर मागून तिघे येत. बालीमध्ये जमलेल्या पाच आसियान देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले की, आपल्या सहनशक्तीची परिसीमा झाली असून यापुढे नव्याने कोणालाही घेणार नाही. हजारो माणसे बसलेल्या होड्या दोराने ओढून पुन्हा भर समुद्रात सोडल्या गेल्या.

येथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण निवाडा करणे फार सोपे आहे. होडी परत समुद्रात ढकलणे हे पाप होय, यात आम्हांला संशय नाही. परंतु त्या रखवालदाराने दार लावले म्हणूनच शोमरोनी धावत परत आला, हेही सत्य आहे आणि ते बोचणारे आहे. आधीची तीन चार वर्षे तो रखवालदार सौम्य शब्दांत विनवीत होता, तेव्हा मोठ्या राजधान्यांत कोणी फारसे ऐकले नव्हते. आता अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दरमहा ७,००० ऐवजी १४,००० निर्वासित घेण्याचे जाहीर केले. पॅरिसमध्ये झाँ-पॉल सार्त्र आणि रेमाँ आराँ, जे तीस वर्षे एकमेकांचे वैचारिक वैरी होते, ते एका व्यासपीठावर आले आणि मिळून राष्ट्राध्यक्षांच्या भेटीस गेले. त्या चळवळीतून उभारलेले 'इल द ल्युमिएर' हे जहाज बिदाँगसमोर तरंगते रुग्णालय होऊन उभे राहिले. २० आणि २१ जुलै १९७९ रोजी जिनीव्हा येथे ६५ राष्ट्रे एकत्र आली, आणि नव्या देशांत कायमचे वसविण्याची आश्वासने १,२५,००० वरून २,६०,००० वर गेली.

त्या परिषदेतील सौद्याचे सार असे होते की, तुम्ही किनारा उघडा ठेवा, आम्ही आमचे दार उघडे ठेवतो. दोन नाणी आणि एक वचन. निर्वासिताला जवळच्या देशात पाऊल टेकण्याचा हक्क मिळाला, पण तो स्वतःच्या माणूसपणामुळे नव्हे, तर दूरच्या कोणीतरी त्याला नेण्याची हमी दिली म्हणून. सिंगापूरने तर नियमच केला होता की, एखाद्या व्यापारी जहाजाने समुद्रातून वाचविलेल्या माणसांना नव्वद दिवसांत नेण्याची हमी मिळाल्याशिवाय उतरू द्यावयाचे नाही. परिणाम काय झाला? बुडणारी होडी दिसूनही काही जहाजांचे कप्तान दिशा बदलून जाऊ लागले, कारण वाचविलेल्या माणसांना कोणत्या बंदरात उतरवावे हा प्रश्न त्यांना पडे. यरीहोच्या वाटेवरील याजकाला आपण दोष देतो. पण त्यालाही कदाचित पुढच्या बंदराचीच चिंता पडली असेल.

तरीही तो सौदा झाला म्हणून लक्षावधी माणसे जगली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. कॅनडाने एक वेगळीच वाट काढली. पाच नागरिकांनी अथवा एखाद्या चर्चने एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी उचलली तर सरकार त्याला प्रवेश देई, आणि जनतेने जितके घेतले तितकेच सरकारही घेईल असे १९७९ मध्ये जाहीर झाले. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत त्या देशात ६०,००० निर्वासित आले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना अशा गटांनी, बहुधा धर्मग्रामांनीच, आपल्या जबाबदारीवर आणले. १९८६ मध्ये निर्वासितसेवेचे नान्सेन पदक कॅनडाच्या सबंध जनतेला देण्यात आले. शोमरोनी एकट्याने होता येते तसे गावाने मिळूनही होता येते, एवढे आम्ही त्यावरून शिकलो.

परंतु वचनाला अटी होत्या. प्रत्येक देशाचे शिष्टमंडळ छावणीत येई आणि आपापल्या कसोटीने माणसे निवडी. कोणाला आपले नातेवाईक हवे होते, कोणाला आपल्या सैन्याबरोबर काम केलेले हवे होते, कोणाला हातात कसब असलेले धडधाकट तरुण हवे होते. क्षयरोगी, अपंग, नातलग नसलेले, एकटी आलेली मुले मागे राहत. काही छोट्या युरोपीय देशांनी आवर्जून रुग्णांना नेले, त्यांना आम्ही मनोमन वंदन करतो, पण तो अपवाद होता. शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या दहा जखमींची नाडी पाहून त्यांतला सर्वांत कमी जखमी तेवढा गाढवावर घातला असता, तर तो दाखला आपण मुलांना कसा शिकविला असता?

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. छावण्या रिकाम्या होत नाहीत, माणसे येतच राहतात, तेव्हा सरकारांनी एक नवी कल्पना काढली. तिला नावही मोठे सोज्ज्वळ देण्यात आले: 'मानवतापूर्ण धाक'. आलेल्याला हाकलावयाचे नाही, उपाशीही ठेवावयाचे नाही, पण त्याची प्रतीक्षा इतकी रूक्ष आणि लांब करावयाची की मागे राहिलेल्यांनी निघण्याचा विचारच सोडावा. थायलंडने १९८१ मध्ये लाओसहून येणाऱ्यांसाठी हे धोरण आरंभले. हाँगकाँगमध्ये तोवर निर्वासित छावणीबाहेर जाऊन कारखान्यांत काम करीत असत. २ जुलै १९८२ पासून तेथे नव्याने येणाऱ्यांसाठी छावण्यांची दारे बंद झाली आणि त्यांचा कारभार तुरुंग खात्याकडे गेला. १६ जून १९८८ पासून छाननी आली. येणारा प्रत्येक जण निर्वासित मानला जाणे बंद झाले. आपला छळ झाला हे त्याने सिद्ध करावयाचे, नाही तर परत जाण्याची वाट पाहावयाची. व्हाइटहेड या बंदिस्त छावणीत वीस हजारांहून अधिक माणसे काटेरी तारांआड होती. तीनमजली बाकांच्या रांगा, आणि त्यातल्या एका फळीवर पडदा लावून एका कुटुंबाचा सारा संसार. तेथे जन्मलेल्या मुलांनी तारेपलीकडची जमीन पाहिलेली नव्हती. फेब्रुवारी १९९२ मध्ये, चांद्र नववर्षाच्या सुमारास, सेक काँग छावणीत दोन गटांत दंगल झाली आणि आगीत २४ माणसे जळून मेली.

हाँगकाँगच्या रेडिओवर त्या काळात व्हिएतनामी भाषेत एक सूचना वारंवार लागत असे. तिची सुरुवात 'बात दाऊ तू नाय', म्हणजे 'आतापासून', या शब्दांनी होई. यापुढे येणाऱ्यांची छाननी होईल, अपात्र ठरलेल्यांना परत पाठविले जाईल, असा तिचा आशय होता. ती इतक्या वेळा लागली की व्हिएतनामीचा गंधही नसलेल्या हाँगकाँगच्या मुलांना ते पहिले शब्द पाठ झाले आणि ती एकमेकांना चिडविण्यासाठी ते म्हणू लागली. ती सूचना आम्हांला गैर वाटत नाही. निघण्यापूर्वी माणसाला खरे काय ते सांगावे, हे बरेच. गैर होते ते तिच्या मागचे दुसरे ध्वनिक्षेपण, जे शब्दांशिवाय चालले होते. तारांआडचा प्रत्येक माणूस, प्रत्येक मूल, ही स्वतःच एक सूचना करण्यात आली होती. त्याचे कंटाळलेले दिवस हे हायफाँगमधील कोणा अनोळखी माणसाला धाडलेले पत्र होते.

सरकारला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. घराला भिंती असतात, ताटे मोजकी असतात, आणि प्रत्येक येणाऱ्याला कायमचे ठेवून घेण्याचे वचन कोणतेच राज्य देऊ शकत नाही. छाननी करणे, अंगावर घाव नसलेल्याला सन्मानाने परत पाठविणे, यात अनीती नाही. पण 'तू येऊ नकोस' हे ज्याला सांगावयाचे त्याला सांगणे वेगळे, आणि त्याने ऐकावे म्हणून आधीच आलेल्या तिसऱ्याला पिळणे वेगळे. पहिल्यात कठोरपणा असेल. दुसऱ्यात माणसाचा वापर आहे. उद्या आणखी जखमी येऊ नयेत म्हणून रखवालदाराने आजच्या जखमीची खाट अंगणात उन्हात ठेवावी, तसे ते आहे.

यावर जे आक्षेप आहेत ते आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण ते आमच्या मनातही उठले. पहिला आक्षेप हाँगकाँगच्या सामान्य नागरिकाचा. तेथील कितीतरी कुटुंबे स्वतः चीनमधून पळून आलेली. ऑक्टोबर १९८० पासून चीनमधून चोरून येणाऱ्याला पकडताच परत पाठविले जाई. माझा सख्खा भाऊ सीमा ओलांडून आला तर त्याला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसवता, आणि समुद्रापलीकडच्या परक्याला वर्षानुवर्षे पोसता, हा कोणता न्याय, असे तो विचारी. याला सरळ उत्तर आमच्यापाशी नाही. भावावर झालेला अन्याय परक्यावर केल्याने फिटत नाही, एवढेच म्हणता येते. आणि ज्याचा भाऊ परत गेला त्याला ते उत्तर पुरेसे वाटणार नाही, हेही आम्ही जाणतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जून १९८९ मध्ये जिनीव्हालाच दुसरी परिषद झाली, छाननी सर्वत्र लागू झाली, आणि होड्या थांबल्या. १९८९ मध्ये आग्नेय आशियात सुमारे ७०,००० व्हिएतनामी आले होते. १९९२ मध्ये आले केवळ ४१. जी माणसे निघालीच नाहीत ती बुडाली नाहीत, चाच्यांच्या हाती सापडली नाहीत. एक लाखाहून अधिक माणसे व्हिएतनामला परत गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना त्यांच्या व्यापक छळाचे पुरावे आढळले नाहीत. मग धाक यशस्वी झाला असे का म्हणू नये? आमचे म्हणणे असे की, यश आले ते कशामुळे हे नीट वेगळे केले पाहिजे. परत जाणाऱ्याला सुरक्षिततेची हमी आणि हातखर्चाला पैसे मिळाले, देशातूनच रीतसर निघण्याचा मार्ग रुंद झाला, आणि स्वतः व्हिएतनाम बदलू लागला होता. तारांची भर त्यात किती पडली हे कोणी मोजलेले नाही. आणि समजा तारांनीच काम झाले असते, तरी १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे अंधारात ५१ माणसांना, ज्यांत बहुतेक बायका आणि मुले होती, हेल्मेटधारी पोलिसांच्या कड्यातून हनोईच्या विमानात चढविले गेले, त्या दृश्याचा हिशेब कोणत्या बाजूला लिहावा?

वाट पाहणे हे नेहमीच असे असावे लागत नाही, याचा दाखला आमच्याच महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतांश कॅथलिक बायका आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. आपण पुढे कोणत्या देशी जाणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पण त्या वसाहतीत चर्च होते, शाळा होत्या, आणि माणसे कोल्हापूरच्या बाजारात ये-जा करीत. १९४८ पर्यंत ती जगभर पांगली. त्यांच्या कबरी आणि त्यांच्या आठवणी कोल्हापूरने अजून जपल्या आहेत. अर्थात संख्या लहान होती आणि खर्चाचा भार आरंभी लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता, हे सांगितले नाही तर तुलना अप्रामाणिक ठरेल. तेथे शोमरोन्याची नाणी वेळेवर पोहोचली होती.

ख्रिस्तसभेने या काळात काय केले? पोप जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९८१ मध्ये फिलिपिन्समधील मोराँगच्या छावणीत आणि मे १९८४ मध्ये थायलंडमधील फनात निखोमच्या छावणीत गेले. येशूसंघाचे तेव्हाचे जनरल फादर पेद्रो आरुपे यांना १९७९ च्या नाताळात होड्यांवरील माणसांच्या वृत्तांताने अस्वस्थ केले, आणि १४ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांनी 'जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस' स्थापन केली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तेथेच होते, आणि त्यांनी आपल्या मठाचे रुग्णालय केले होते. ६ ऑगस्ट १९८१ रोजी ते बँकॉकला निर्वासितांत काम करणाऱ्या बांधवांशी बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी रोमला पोहोचताच त्यांना पक्षाघात झाला. त्यांच्या माणसांनी छाननीत अडकलेल्यांना कायद्याची मदत केली. परंतु त्यांनी सर्वांत आधी जे कबूल केले ते हे की, बहुतेक वेळा आपण प्रश्न सोडवू शकणार नाही, फक्त सोबत बसू शकू. प्रतीक्षेला सोबत मिळाली की तिचा दंड होत नाही.

१९९६ मध्ये परिषदेची योजना संपली तेव्हा फिलिपिन्समध्ये अपात्र ठरलेले काही हजार व्हिएतनामी उरले होते. त्यांना बळाने विमानात बसविणे सुरू झाले आणि देशभर आक्रोश उठला. तेथील बिशपांच्या परिषदेने सरकारशी करार केला, आणि त्या माणसांना राहू देण्यात आले. पालावान बेटावर पुएर्तो प्रिन्सेसाजवळ त्यांच्यासाठी 'व्हिएतव्हिल' हे गाव वसले. पुढे २००५ पासून त्यांच्यातील बरेचजण अमेरिकेला गेले. म्हणजे शोमरोनी परत आला नव्हता, आणि रखवालदाराने माणूस ठेवून घेतला. त्या मुलीच्या प्रश्नाला आम्हांला सापडलेले सर्वांत जवळचे उत्तर हेच आहे. हा रखवालदार श्रीमंत नव्हता, हे विशेष.

हाँगकाँगचे बिल मात्र तसेच राहिले. छावण्यांतील अन्न आणि निवारा यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने द्यावयाचे सुमारे ११६ कोटी हाँगकाँग डॉलर थकले, आणि १९९७ मध्ये सत्ता चीनकडे गेल्यानंतरही तेथील सरकार वर्षानुवर्षे त्या आकड्याची आठवण देत राहिले. आयोगाकडे पैसे नव्हते, कारण देणाऱ्या देशांनी दिले नव्हते.

बिदाँगची छावणी १९९१ मध्ये बंद झाली होती. जवळपास अडीच लाख माणसे तेथून पुढे गेली. इंडोनेशियातील गालांगची छावणी १९९६ मध्ये बंद झाली. २००५ मध्ये त्यांतील काहीजण, आता परदेशी नागरिक झालेले, केस पिकलेले, या दोन्ही बेटांवर परत आले आणि त्यांनी तेथे शिलालेख बसविले. एका बाजूस वाटेत मेलेल्यांचे स्मरण होते. दुसऱ्या बाजूस आभार मानले होते: मदत करणाऱ्या संस्थांचे, पुढे वसवून घेणाऱ्या देशांचे, आणि ज्यांनी प्रथम किनाऱ्यावर पाय टेकू दिला त्या देशांचेही. व्हिएतनाम सरकारने आक्षेप घेतला, आणि काही महिन्यांतच ते लेख काढून टाकण्यात आले.